लो कार्ब करा, पण आधी गोळ्यांचा डोस विचारून घ्या

मा. संपादकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

खानापूर तालुक्यात माझं मेडिकल शॉप आहे, बी फार्म करून बरीच वर्षं काउंटरवर उभी आहे, त्यामुळे शुगरचे पेशंट म्हणजे माझ्या रोजच्या ओळखीची माणसं. गेल्या वर्ष-दोन वर्षांत एक नवीन गोष्ट बघायला मिळतेय म्हणून हे पत्र लिहितेय, थोडं लांबलंय पण जमलं तर छापा. गोळ्या न्यायला आलेला माणूस आपणहूनच सांगतो, "आक्का, भात सोडलो बघा मी, भाकरी बी एकच खातोय, ते लो कार्ब म्हणतात ते चालू केलोय." मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ बघितलेला असतो नाहीतर पुण्याला असलेल्या मुलीनं फोनवर सांगितलेलं असतं. डॉक्टरांना सांगितलासा काय विचारलं तर म्हणतात, त्यात डॉक्टरला काय सांगायचं, जेवण तर आपल्या घरचं.

तर डॉक्टरांना सांगायचंच असतं, आणि ते का हेच मला लिहायचंय.

पहिलं म्हणजे मी लो कार्बच्या, म्हणजे जेवणातली कार्बोहायड्रेट (स्टार्च आणि साखर) कमी करण्याच्या, विरोधात अजिबात नाही. भात, भाकरी, चपाती, पोहे, चिरमुरे, साबुदाणा, बटाटा या सगळ्यात स्टार्च असतो आणि पोटात गेला की त्याचं ग्लुकोजच होतं, मग ते कितीही देशी असो नाहीतर घरच्या शेतातलं असो. अंडी, मासे, पनीर, शेंगदाणे, पालेभाजी यांनी शुगर तेवढी चढत नाही. म्हणजे ताटातलं स्टार्च कमी केलं तर जेवणानंतरची शुगर कमी येणार हे अगदी सरळ आहे, आणि अमेरिकन डायबिटीज असोसिएशननं सुद्धा २०१९ मध्ये मान्य केलं की शुगर सुधारण्यासाठी खाण्यातले जे बदल आहेत त्यात एकूण कार्ब कमी करण्यालाच सगळ्यात जास्त पुरावा आहे. आपल्या देशात तर हा विषय घरोघरचा झालाय, २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 'इंडियाब' नावाच्या देशभरातल्या सर्व्हेत देशातले १० कोटी १० लाख लोक डायबिटीसचे निघाले आणि टक्केवारीत सगळ्यात वर आपलं शेजारचं गोवा, २६.४ टक्के. चोर्ला घाट उतरला की गोवा, आपल्या किती घरांतल्या लेकी तिकडं दिलेल्या आहेत आणि खाणंपिणं पण फार वेगळं नाही.

आता किती कमी करायचं हा प्रश्न. व्हिडिओवाले सांगतात दिवसाला २० नाहीतर ५० ग्रॅम कार्ब, म्हणजे जवळजवळ भात-भाकरी बंदच. पण चेन्नईचे डायबिटीसतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच इंडियाबच्या १८,०९० लोकांच्या खाण्याचा हिशोब मांडून २०२२ मध्ये जे सांगितलं ते मला आपल्या लोकांच्या जास्त कामाचं वाटतं. नवीन डायबिटीस परतवायचा असेल तर एकूण कॅलरीतले ४९ ते ५४ टक्के कार्बमधून आणि १९-२० टक्के प्रोटीनमधून यावेत असं त्यांचं गणित आहे. आपण भारतीय सरासरी ६२ टक्के कार्बमधून घेतो. म्हणजे उपाशी मरायचं नाहीये, ताटातली भाकरी-भाताची बाजू थोडी आवरायची आणि डाळ-उसळ-अंड्याची बाजू वाढवायची. एकदम कडक डाएट करून सहा महिन्यांत चांगला फरक दिसतो पण वर्षभरानं त्यातला बराचसा विरून जातो, हे २०२१ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलंय, आणि मला वाटतं त्याचं कारण उघड आहे, घरात सगळे जेवतात आणि एकजण कोबीचा किसलेला भात खातो हे किती दिवस चालणार?

यात एक मोठा गैरसमज आहे तो भाकरीचा. आपल्या भागात पक्का समज आहे की शुगर झाली की चपाती बंद करून ज्वारीची भाकरी चालू करायची, मग कितीही खा. ज्वारीत फायबर जास्त आहे, पांढऱ्या भातापेक्षा ती नक्कीच बरी, पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुद्धा ७० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतातच. आपल्याकडं हातावर थापलेली भाकरी काय पुण्याच्या हॉटेलातल्यासारखी लहान नसते, ८० ग्रॅम पीठ तर सहज जातं, म्हणजे एका भाकरीत ५५ ग्रॅम कार्ब, दोन भाकऱ्या झाल्या की ११०, वर वाटीभर भात घेतला की अजून चाळीस. २०२५ मध्ये त्याच इंडियाबचा आणखी एक अभ्यास आला त्यात तर स्पष्टच दिसलं की नुसतं भाताच्या जागी गहू किंवा मिलेट (ज्वारी-बाजरीसारखी भरडधान्यं) आणून धोका कमी होत नाही, एकूण कार्ब कमी करून त्याच्या जागी डाळीचं किंवा दुधाचं प्रोटीन आणलं तर होतो. तीच गोष्ट गुळाची. गुळाचा चहा शुगरला चालतो असं सांगणारे लोक रोज भेटतात, पण गूळ आणि साखर दोन्ही मुख्यतः एकच पदार्थ आहेत. त्यामुळे करदंट गुळाचं आहे म्हणून चालतं आणि कुंदा साखरेचा आहे म्हणून चालत नाही असं काही नाही, दोन्ही सणाला एक तुकडा.

संध्याकाळचे चिरमुरे पण बघा. हलके असतात म्हणून भडंगाची परात मधे ठेवून अख्खं घर खातं, पण चिरमुरे म्हणजे फुगवलेला तांदूळच आणि तो भातापेक्षा लवकर पचून शुगर झटकन वर नेतो. चिरमुरे मूठभर आणि शेंगदाणे, डाळं, कांदा, टोमॅटो जास्त असं केलं तर गोष्ट वेगळी.

आणि आपल्याकडं काय कमी आहे हो? बेळगावी मसूर आहे, कुळीथ आहे, मटकी आहे, शेंगदाण्याची चटणी प्रत्येक घरात आहे, पिठलं आहे, ताक आहे, अंडी कुठल्याही गल्लीत मिळतात, बाजाराच्या दिवशी मेथी, शेपू, चाकवत, अंबाडी, दोडका, गवार पाहिजे तेवढी. व्हिडिओत सांगतात बदामाचं पीठ आणि अ‍ॅवोकाडो, ते विकत घ्यायची काहीच गरज नाही. मसुराच्या आमटीत पाणी कमी आणि मसूर जास्त घाला, आधी भाजी आणि उसळ खा आणि भाकरी शेवटी घ्या, दोनाची एक करा, रात्रीचा भात अर्धी वाटी करा, आणि जेवण झाल्यावर लगेच आडवं होण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं गल्लीतून फिरून या. डाळीत पण कार्ब असतात हे खरं आहे, पण सोबत प्रोटीन आणि फायबर असल्यामुळे शुगर हळू चढते. रेशनवर प्रामुख्यानं तांदूळच मिळतो आणि डाळ विकत घ्यावी लागते, त्यामुळे गरिबाच्या ताटात भाताचा ढीग होतो ही अडचण खरी आहे, आणि अन्नभाग्य या कर्नाटकच्या रेशन योजनेत डाळ, कडधान्यं वाढवावीत असं मला मनापासून वाटतं. तोपर्यंत अंडी, शेंगदाणे, कुळीथ आणि सोयाबीनच्या वड्या ही त्यातल्या त्यात परवडणारी प्रोटीनं आहेत.

पण ताट अर्धं केलं आणि गोळी मात्र पहिल्या ताटाच्या मापाचीच राहिली तर काय होतं, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

रोप लावणीचे दिवस होते. शेजारच्या गावचे एक आण्णा, साठीच्या आतबाहेरचे, व्हिडिओ बघून आठवडाभर भात-भाकरी जवळपास बंद केलेली. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि दोन अंडी खाऊन नेहमीची गोळी घेतली आणि शेतात चिखलात उतरले. दुपारी बाराच्या सुमाराला घामाघूम झाले, हात थरथरायला लागले, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. बायको शहाणी, तिनं लगेच ओळखलं की शुगर कमी झाली, गूळ खायला दिला, थोड्या वेळानं परत दिला, तरी माणूस सावरेना. मुलानं गाडीवर बसवून दुकानात आणलं तेव्हा मशीनवर ४८ आलं. मी त्यांच्या खिशातली स्ट्रिप बघितली तर ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं एकत्र असलेली गोळी. ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितलं तर ८२, आणि तशीच पुढं हॉस्पिटलला पाठवणी केली. आता बरे आहेत.

या एका प्रसंगात तीन गोष्टी आहेत आणि त्या प्रत्येक शुगरच्या घरात माहीत असायलाच पाहिजेत. पहिली अशी की ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिपिझाइड, जुनी ग्लायबेनक्लामाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, पोटात जेवण आलंय की नाही हे त्या बघत नाहीत. त्यामुळे कार्ब कमी केले, किंवा जेवण चुकलं, किंवा अंगमेहनत वाढली की शुगर ७० च्या खाली जाऊ शकते, आणि आण्णांच्या बाबतीत कार्ब आणि मेहनत दोन्ही एकदम झालं. इन्सुलिन घेणाऱ्यांना तर हा धोका आहेच. मेटफॉर्मिन एकटीच चालू असेल तर असं सहसा होत नाही, सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन एकट्या असतील तरी सहसा नाही. पण आजकाल एका गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि पेशंटला त्याची ओळख "ती पांढरी लांबट गोळी" एवढीच असते.

दुसरी गोष्ट गुळाची. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही औषधं साखर फोडून ग्लुकोज करायचं आतड्यातलं कामच मंद करतात, त्यासाठीच ती दिलेली असतात. म्हणून ती चालू असताना शुगर घसरली तर गूळ, साखर, चॉकलेट लवकर लागू पडत नाही, थेट ग्लुकोज पावडरच लागते. बाकीच्यांना तीन चमचे साखर पाण्यातून दिली तरी चालते, साधारण १५ ग्रॅम होते, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं आणि अजून ७० च्या खाली असेल तर परत द्यायची. शुगरच्या घरात ग्लुकोज पावडरचा एक पुडा नेहमी असावा, शेताला जाताना खिशात पण असावा, त्याची किंमत फार नसते. माणूस बेशुद्ध असेल, गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं, सरळ १०८ ला फोन करायचा.

तिसरी गोष्ट, शुगर वर आली म्हणून विषय संपला असं नाही. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, ग्लुकोजनं चढलेली शुगर दोन-तीन तासांनी परत खाली येऊ शकते. म्हणून त्यांना घरी न पाठवता हॉस्पिटलला पाठवलं, घरचे म्हणत होते आता बरं वाटतंय की ओ, कशाला उगीच खर्च.

वयस्कर माणसांच्या बाबतीत अजून एक आहे, बीपीसाठी बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलॉल, अटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर थरथर आणि धडधड बऱ्याचदा नीट जाणवत नाही, घाम तेवढा येतो, आणि घरच्यांना वाटतं उन्हानं आला असेल. शिवाय कार्ब कमी केले की सुरुवातीला अंगातलं पाणी आणि मीठ जास्त बाहेर जातं, बीपी उतरतं, म्हणजे बीपीच्या गोळीचा डोस पण बघावा लागतो, उठल्यावर चक्कर येत असेल तर हे एक कारण असू शकतं.

आता उपवासाचं. श्रावण सोमवार, एकादशी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, आपल्या बायका गोळ्या चालू असताना हे सगळं करतात आणि दोन्हीकडून त्रास होतो. सकाळी काही न खाता गोळी घेतली की शुगर खाली, आणि दुपारी साबुदाण्याची खिचडी किंवा उकडलेली रताळी पोटभर खाल्ली की शुगर पार वर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, आणि रताळी तर आपल्याच बेळगाव भागातून गाड्या भरभरून बाहेर जातात त्यामुळे घरात ढिगानं असतात. देवाचं करू नका असं मी कुणाला सांगणार नाही, माझ्या घरी पण एकादशी असते. पण उपवासाच्या आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारा की उद्याची गोळी कशी घ्यायची, आणि फराळात शेंगदाणे, दही, ताक, काकडी, राजगिरा हे वाढवून साबुदाणा कमी करा.

अजून एक औषध आहे ज्याबद्दल बोललंच पाहिजे. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन, लघवीतून साखर बाहेर काढणाऱ्या गोळ्या. डापाचं पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाचं मार्च २०२५ मध्ये संपलं, किमती उतरल्या, त्यामुळे आता साध्या पेशंटच्या चिठ्ठीत पण या दिसायला लागल्यात, आणि हृदय आणि किडनीसाठी त्या चांगल्या आहेत म्हणून मला आनंदच आहे. पण या गोळीवर असताना कुणी एकदम कडक लो कार्ब किंवा कीटो केलं, किंवा मोठा उपवास केला, तर चरबी जळताना तयार होणारे कीटोन नावाचे पदार्थ वाढून रक्तात अ‍ॅसिड होऊ शकतं, आणि फसवं असं की मशीनवर शुगर फार वाढलेली दिसतच नाही. उलट्या, पोटदुखी, खूप थकवा, श्वास जोरात चालणं असं काही झालं तर अ‍ॅसिडिटी समजून माझ्याकडं पाकीट मागायला येऊ नका, हॉस्पिटलला जा आणि ही गोळी चालू आहे हे तिथं सांगा.

आणि ज्या मुलांना टाईप वन डायबिटीस आहे, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांच्या आईवडिलांना हात जोडून सांगते, कुठल्याही डाएटनं इन्सुलिन बंद होत नाही. इन्सुलिन सापडायच्या आधी डॉक्टर अशा मुलांना खाणं तोडतोडूनच जगवायचा प्रयत्न करायचे, मुलं हाडांचा सापळा होऊन जायची. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं तेव्हा कुठं हा रस्ता बदलला. गरोदर बायका आणि किडनीचे पेशंट यांनी सुद्धा आपल्या मनानं कार्ब तोडणं किंवा प्रोटीन वाढवणं करू नये, त्यांचं गणित वेगळं असतं.

मग करायचं काय, तर कार्ब कमी करायच्या आधी सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून डॉक्टरांकडं जायचं आणि सरळ सांगायचं की मी भात-भाकरी निम्मी करणार आहे, यातलं काय कमी करायचं. चांगला डॉक्टर यानं खूशच होईल. पहिले दोन आठवडे घरच्या मशीनवर उपाशीपोटी आणि दुपारच्या, रात्रीच्या जेवणाआधी शुगर बघून वहीत लिहायची, आकडे उतरत असतील तर फोन करून डोस परत विचारायचा. तीन महिन्यांनी एचबीए१सी ही रक्ततपासणी करायची, ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. मात्र आपल्या मनानं गोळी बंद पण करायची नाही, तेही बघते मी, शुगर १३० आली की "आता बरं झालं" म्हणून सगळंच सोडतात आणि वर्षभरानं पायाची जखम घेऊन येतात.

हे सगळं सांगणार कोण हा खरा प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यातली माहितीपत्रकं कन्नडमध्ये असतात, स्ट्रिपवरचं सगळं इंग्रजीत बारीक अक्षरात, आणि आमच्या खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या सत्तरीच्या आज्जीला या दोन्ही भाषा वाचता येत नाहीत. मी यात सीमाप्रश्न आणत नाहीये, कन्नड पत्रकं पण पाहिजेतच, कन्नड बोलणारे माझे कितीतरी पेशंट आहेत. पण आशाताई घरोघरी शुगर-बीपी तपासायला जातात तेव्हा त्यांच्या पिशवीत मराठीतला एक कागद असायला काय हरकत आहे? त्यावर फक्त एवढं पाहिजे की शुगर घसरल्याची लक्षणं काय, तेव्हा काय द्यायचं, आणि खाणं बदललं की डॉक्टरांना सांगायचं. जिल्हा आरोग्य खात्यानं हे मनावर घेतलं तर फार मोठा खर्च नाही.

माझ्या व्यवसायातल्या बंधूंना पण विनंती आहे. शुगर खाली नेणारं औषध ज्या स्ट्रिपमध्ये आहे तिच्यावर मी मार्करनं लाल खूण करून देते आणि सांगते, ही लाल खुणेची गोळी जेवल्याशिवाय घ्यायची नाही आणि जेवण कमी केलं तर आधी डॉक्टरांना विचारायचं. व्होग्लिबोज असेल तर सोबत ग्लुकोजचा पुडा दाखवते. गर्दीत अर्धा मिनिट जातो, पण प्रत्येक दुकानात हे व्हावं.

आणि संपादकसाहेब, आपल्याला विनंती अशी की आपला पेपर गावोगावच्या कट्ट्यावर मोठ्यानं वाचला जातो, त्यात आठवड्यातून एकदा इथल्या एखाद्या डॉक्टरांकडून किंवा आहारतज्ज्ञांकडून अर्धा कॉलम शुगरच्या जेवणावर लिहून घ्या, आपल्या भाकरी-मसुरातला, सणावाराच्या आधी त्या सणाचा. श्रावण सुरू व्हायच्या आधी पहिला आला तर फार बरं होईल.

आपली,
एक औषध दुकानदार वाचक,
ता. खानापूर, जि. बेळगाव